सत्कारातली नोकरी आणि कोर्टातली नोकरी

पोचपावती

गेली अठरा वर्षं मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सेवा प्रकरणं चालवतोय. बदल्या, बढत्या, विभागीय चौकश्या हे रोजचं. पण हल्ली खेळाडूंची प्रकरणं वाढलीत, म्हणून हा धागा.

मागच्या महिन्यात एक मुलगी वडिलांबरोबर आली. पिशवीत पदकं, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं आणि सगळ्यात वर वर्तमानपत्राचं कात्रण. मंत्र्यांच्या हातून पुष्पगुच्छ घेतानाचा फोटो, खाली मथळा की शासकीय नोकरी देणार. वडील म्हणाले, "साहेब, यावर केस होईल ना?"

कात्रणावर केस होत नाही. हे सांगायला मला पाच मिनिटं लागली, त्यांना पटायला तासभर. तरी जाताना ते कात्रण पुन्हा सगळ्यात वरच ठेवलं.

मुळात दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, ५ टक्के क्रीडा आरक्षण. ३० एप्रिल २००५च्या शासन निर्णयानं ते आलं, १ जुलै २०१६च्या निर्णयानं अटी बदलल्या. इथे परीक्षा द्यावी लागते, गुणवत्ता यादी लागते, फक्त स्पर्धा खेळाडूंची आपापसात. दुसरी वाट थेट नियुक्तीची. परीक्षा नाही, कामगिरी पाहून शासन पद देतं. धावपटू ललिता बाबर महसूल सेवेत गेली, पैलवान राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक (डीवायएसपी) झाला, ते या वाटेनं.

पहिल्या वाटेवर भांडण प्रमाणपत्राचं आणि आकडेमोडीचं. दुसरीवर भांडण एकच: त्याला दिलं, मग मला का नाही?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. थेट नियुक्तीला माझा विरोध नाही. नियम नसताना मंचावरून नोकरी जाहीर करण्याला आहे. कोर्टापुढं पदक येत नाही, नियम येतो. तो कागदावर नसेल तर ऑलिंपिकवीरही हरतो आणि असेल तर राज्य पातळीवरचा कबड्डीपटूही जिंकतो.

---

लाल_माती

वकीलसाहेब, तुमचं बरोबर असंल, पण आमच्याकडं कागदावर माणसं विश्वास ठेवत न्हाईत त्याला कारण हाय. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ला पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि पुढं कित्येक वर्षं त्याच हुद्द्यावर. त्यांच्या नावानं आता १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन साजरा करत्यात. जिवंत असताना फायल हलली न्हाई, आता फोटोला हार.

म्हणून पैलवानाला मंत्री दिसला की आधी नोकरीचं बोलायचं, हे तालमीत वस्तादच शिकवतोय. नरसिंग यादव डीवायएसपी, विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि डीवायएसपी. पोरं तेवढंच बघत्यात. नियम क्रमांक कोण वाचतंय?

---

पूर्व_मुख्य_मुलाखत

मी वाचतो. सहा वर्षं वाचतोय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून.

लाल_माती, खाशाबांवर अन्याय झाला हे मान्य. पण त्याची भरपाई माझ्या जागेतून का? महाराष्ट्र केसरी ही राज्याची स्पर्धा आहे हो. थोर परंपरा, मातीतली कुस्ती, सगळं खरं. पण राज्य स्पर्धेवर वर्ग एकचं पद, आणि मी राज्यसेवेत दीड गुणानं बाहेर.

आणि पाच टक्क्यांचं काय झालं ते विसरलात? ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग. या खेळांची नावं तरी कुणाला माहीत होती? एकाएकी त्यांचे राज्यस्तरीय खेळाडू भरतीत दिसायला लागले. बोगस प्रमाणपत्रं निघाली, गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या. शेवटी क्रीडा खात्याला आवाहन करायची वेळ आली की खोटी प्रमाणपत्रं आणून जमा करा. भांडी चोरणाऱ्यांना "पहाटे दारात ठेवून जा" म्हणतात तसं.

त्यावर कडी म्हणजे ऑगस्ट २०२२. दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना पाच टक्क्यांत सामावून घेणार, ही घोषणा थेट विधानसभेत. त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत कुणी पुस्तक उघडलं नाही. चौथ्या थरावरचा गोविंदा राज्यस्तरीय की जिल्हास्तरीय, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा.

---

खो_दिला

चौथ्या थरावरचा 😄 खालच्या थरातल्यांना सांघिक पदक द्या, खांदे त्यांचेच जातात.

---

पोचपावती

@पूर्व_मुख्य_मुलाखत, विनोद बाजूला ठेवला तरी तुम्ही कायद्याचा नेमका मुद्दा मांडलात. क्रीडा आरक्षण मिळायला तीन गोष्टी लागतात: मान्यताप्राप्त संघटना, ठरलेल्या दर्जाची स्पर्धा आणि त्यात ठरलेलं स्थान. दहीहंडीत यातलं काय? मंडळं शेकडो, बक्षीस लोण्याचं आणि लाखांचं, पण राज्य अजिंक्यपद कुठलं आणि तिसरा क्रमांक कुणाचा? त्यामुळे घोषणा कितीही मोठी केली तरी पडताळणीच्या टेबलावर ती अडकते.

पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. २०१६नंतर कडक झाली ती ट्रॅम्पोलिनसारख्या उद्योगांमुळेच. फटका मात्र खऱ्या खेळाडूला बसतो. पूर्वी निवड झाल्यावर प्रमाणपत्र तपासायचे, आता जाहिरातीतल्या मुदतीआधी पडताळणीचा अर्ज केलेला असावा लागतो. खेळाडू शिबिरात, बाप शेतात, संघटनेचा सचिव फोन उचलत नाही, आणि तारीख निघून जाते. माझ्याकडच्या निम्म्या खेळाडूंना कामगिरी कमी म्हणून कुणी बाहेर काढलेलं नाही. सगळे तारखेत गेले.

---

चंदीगडकर_कुलकर्णी_काका

बावीस वर्षं चंदीगडला आहे, म्हणून इकडची हकिगत.

हरमनप्रीत कौर. २०१७च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात नाबाद १७१, सगळा देश वेडा झाला. पंजाब सरकारनं डीएसपी केलं. २०१८च्या मार्चमध्ये रुजू, जुलैत पद गेलं. कारण तिनं दिलेल्या पदवीची नोंद मेरठच्या विद्यापीठात सापडली नाही. पदासाठी पदवीची अट होती. बारावीच्या जोरावर शिपाई होता येईल, असं सांगण्यात आलं. भारताच्या कर्णधाराला!

आता तेलंगण बघा. २०२४ला मोहम्मद सिराजला डीएसपी केलं. त्याचं शिक्षणही बारावीपर्यंतच. पण तिथे सरकारनं शिक्षणाची अट शिथिल करून मग नेमणूक दिली. दोघंही भारताचे खेळाडू, दोघंही बारावी, पद एकच. एकीकडे सूट आधी कागदावर आली, दुसरीकडे पदवी चालवून घ्यायचा प्रयत्न झाला. वकीलसाहेब म्हणतायत ते हेच ना?

आणखी एक, हे मनाला लागलेलं. मलिका हांडा, जालंधरची मूकबधिर बुद्धिबळपटू. जागतिक आणि आशियाई स्तरावर पदकं. २०२१च्या अखेरीस तिला सांगण्यात आलं की मूकबधिर खेळाडूंना नोकरी किंवा रोख बक्षीस द्यायचं धोरणच राज्याकडे नाही. तिनं खुणांच्या भाषेत व्हिडिओ करून टाकला. त्याच सुमारास हरियाणाचा मूकबधिर पैलवान वीरेंदर सिंग पद्मश्री घेऊन आला आणि पदक गळ्यात घालून दिल्लीत हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर बसला.

---

रोखठोक_बापू

सगळी आरक्षणंच बंद करा, खेळाचंही करा. गुणवत्ता! गुणवत्ता! गुणवत्ता!

---

पोचपावती

बापू, तीनदा लिहिल्यानं दावा सिद्ध होत नाही, नाहीतर मी रोज जिंकलो असतो.

क्रीडा आरक्षण उभं नाही, आडवं आहे. म्हणजे समांतर. १९९२च्या इंद्रा साहनी निकालात हा फरक केला गेला. जातीच्या प्रवर्गाचे उभे रकाने, आणि महिला, दिव्यांग, खेळाडू, माजी सैनिक या त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. खेळाडू म्हणून निवडला गेलेला उमेदवार त्याच्या त्याच्या प्रवर्गातच मोजला जातो. प्रवर्गात पात्र खेळाडू मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या बिगरखेळाडूला जाते, ती पुढच्या भरतीसाठी राखून ठेवत नाहीत. पाच टक्के वरून आलेले नाहीत, आतूनच काढलेले आहेत.

महाराष्ट्रात खरी मारामारी झाली ती या आडव्या रेघांवर. १९९९चं परिपत्रक, मग १३ ऑगस्ट २०१४चं, मग १९ डिसेंबर २०१८ची दुरुस्ती. वाद असा: खुल्या प्रवर्गातल्या खेळाडूच्या जागेवर ओबीसी किंवा एससी खेळाडू जास्त गुण घेऊन बसू शकतो का? भरती करणारा राज्य लोकसेवा आयोग अनेकदा नाही म्हणायचा. एक मुलगा खुल्या यादीतल्या खेळाडूपेक्षा अकरा गुणांनी पुढे, तरी बाहेर, कारण त्याच्या प्रवर्गात खेळाडूची जागाच नव्हती. त्याला मी काय सांगणार होतो? १८ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं सौरव यादव प्रकरणात वाद मिटवला. प्रकरण उत्तर प्रदेश पोलीस भरतीतल्या महिलांचं होतं, तत्त्व सगळ्यांना लागू. खुला प्रवर्ग म्हणजे खुल्या जातींचा कोटा नव्हे, तो सगळ्यांना खुला.

बापू, तुमची गुणवत्ता त्या निकालात जिंकली. पेढे वाटा.

---

रोखठोक_बापू

पेढे नाही, पण मुद्दा कळला.

---

खो_खो_काकू

या धाग्यावर आल्याशिवाय राहवलं नाही. शाळेत एकवीस वर्षं खो-खो शिकवलाय.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. दोन्ही संघ जिंकले, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियंका इंगळे, दोघंही आपल्याकडचे. घरी मी साखर वाटली. दुसऱ्याच दिवशी नातू म्हणाला, "आजी, विश्वचषक पहिलाच, बाकीचे देश कालच खेळ शिकलेत, याला ऑलिंपिकच्या बरोबरीनं नोकरी कशी?" त्याला काय सांगू? शिकवलंय त्यालाही मीच, पण कधीकधी खूप बोलतो.

ऑलिंपिकमध्ये जे खेळ आहेत ते आपल्या मातीत पिकले नाहीत हा मुलांचा दोष आहे का? केंद्रानं २०२०ला भरतीसाठीच्या खेळांची यादी ४३ वरून ६३ केली. त्यात मल्लखांब आला, रस्सीखेच आली, पुण्यात जन्मलेला रोल बॉल आला. माझ्या मल्लखांबवाल्या मैत्रिणीनं फोनवर रडून सांगितलं होतं. म्हणजे यादीत नाव येणं हेसुद्धा पदक मिळण्यासारखंच.

---

पूर्व_मुख्य_मुलाखत

काकू, तुमच्याशी भांडणार नाही. पण नातवाचा प्रश्न बरोबर आहे. स्पर्धेत किती देश उतरले, पात्रता फेरी होती का, हे नियमात यायला नको? नाहीतर उद्या चार देशांची स्पर्धा भरवून विश्वविजेते तयार करता येतील.

आणि वकीलसाहेब, खेळाडूंना किमान गुणांची अट तरी असावी ना?

---

पोचपावती

त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३चा निकाल वाचा, देव गुप्ता प्रकरण. चंदीगडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या क्रीडा कोट्याला बारावीत ७५ टक्क्यांची अट होती. न्यायालयानं ती उडवली. कोटा खेळ वाढावा म्हणून आहे, अभ्यासू मुलांना दुसरी वाट मिळावी म्हणून नव्हे, असा त्यातला विचार. तो प्रवेशाचा मामला होता, नोकरीचा नाही. नोकरीत पदाला लागणारी किमान पात्रता ठेवता येतेच, हरमनप्रीतचं तेच झालं. पण किमान म्हणजे किमान. खेळाडूला टॉपर असायची अट घालणं म्हणजे कोटा नावापुरता ठेवणं.

देशांच्या संख्येबद्दल तुमच्याशी सहमत. काकू, माफ करा.

---

खो_खो_काकू

माफ केलं. नातवाला सांगते वकील तुझ्या बाजूनं आहेत. आता त्याला आवरणं कठीण.

---

घाटावरून_कोचीन

इथे केरळात २०२५च्या सुरुवातीला असंच झालं. मंत्रिमंडळानं दोन शरीरसौष्ठवपटूंना सशस्त्र पोलीस निरीक्षक करायचं ठरवलं, खास बाब म्हणून. राज्याच्या क्रीडा कोट्याच्या यादीत शरीरसौष्ठव नव्हतंच. इकडे फुटबॉल म्हणजे धर्म, त्यामुळे फुटबॉलवाल्यांचा संताप विचारू नका. पुढे एकजण शारीरिक चाचणीत नापास झाला, आणि प्रकरण केरळच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊन स्थगिती आली. दंड सव्वा फूट, पण धावायला सांगितलं तर पंचाईत.

---

लाल_माती

शेवटची ओळ तालमीत वाचून दाखवली. उद्यापासून सगळ्यांना पळायला लावतोय वस्ताद.

पर वकीलसाहेब, मूळ प्रश्न ऱ्हायलाच. कविता राऊत. सावरपाड्याची पोरगी. २०१०च्या राष्ट्रकुलात ब्राँझ, त्याच वर्षी आशियाईत दहा हजार मीटरला रुपेरी, अर्जुन पुरस्कार. २०२४ला तिनं उघड सांगितलं की बाकीच्यांना थेट वर्ग एकच्या नोकऱ्या मिळाल्या, मला डावललं, आदिवासी म्हणून. मग तिला न्याय न्हाई का?

---

पोचपावती

लाल_माती, हा प्रश्न टाळता येत नाही. तिच्या फाइलमध्ये काय आहे ते मी पाहिलेलं नाही, म्हणून तिच्यावर बोलत नाही. अशा दाव्याचं कोर्टात काय होतं ते सांगतो.

अर्ज लिहिताना खेळाडू चार नावं देतो. अमक्याला दिलं, तमक्याला दिलं, माझी कामगिरी त्यांच्यापेक्षा वरची. न्यायाधीश विचारतात, अमक्याला कोणत्या नियमानं दिलं? सरकारी वकील फाइल चाळतात. नियम असेल तर खेळाडूची बाजू भक्कम: एकाच मोजपट्टीनं दोघांना मोजा, असा आदेश मिळू शकतो. राज्यघटनेतले समानतेचे अनुच्छेद १४ आणि १६ त्यासाठीच आहेत. पण खास बाब म्हणून, मंत्रिमंडळाच्या मर्जीनं दिलं असेल तर? मग सर्वोच्च न्यायालयाचं जुनं तत्त्व आडवं येतं, १९९५चं जगजित सिंग प्रकरण: एकाला चुकीनं लाभ दिला म्हणून दुसऱ्याला तीच चूक मागता येत नाही. समानता हक्काची असते, चुकीची नसते.

म्हणजे गंमत बघा. सरकार जितकं मनमानी वागेल तितका डावललेल्या खेळाडूचा दावा कमकुवत. मर्जीनं पद मिळालेला बहुतेक वेळा सुखात नोकरी करतो, कारण त्याला आव्हान द्यायला कुणी वेळेत येत नाही. मर्जीबाहेर राहिलेला मात्र रिकाम्या हातानं परततो. आदिवासी पाड्यातली मुलगी मर्जीच्या वर्तुळात सहसा नसते, तिला तिथे नेणारं कुणी नसतं. म्हणून मी नियम नियम करत बसतो. नियम मोठ्यांना नको असतो. ज्याचा मामा मंत्रालयात नाही त्याला तो हवा असतो.

आणि २००६च्या उमादेवी निकालानंतर मागच्या दारानं आलेल्या नोकऱ्यांकडे कोर्ट संशयानंच बघतं. लोकसेवा आयोगाला वगळून नेमणूक करायची तर अनुच्छेद ३२० खाली तशी तरतूद दाखवावी लागते. ती दाखवली की थेट नियुक्ती टिकते.

---

चंदीगडकर_कुलकर्णी_काका

इथल्या शेजाऱ्यांचं बरं आहे. हरियाणानं २०१८ला नियमच केले, कोणत्या पदकाला कोणत्या गटाचं पद. भांडणं थांबली का? छे. उच्च न्यायालयात गर्दी तशीच. पण आता भांडतात नियमाच्या ओळीवर. विनेश फोगटला २०२५ला रोख चार कोटी, भूखंड किंवा गट अची नोकरी यातलं एक निवडायला सांगितलं, तिनं रोख घेतली. निवडायला तीन गोष्टी असणं ही चैन कविता राऊतला कुठली?

---

खो_दिला

अवांतर: नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पॅरिसच्या ब्राँझनंतर लगेच विशेष कार्य अधिकारी झाला. त्याच्या बढतीवर कुणी केस केल्याचं ऐकलं नाही. कंबलवाडीच्या पोराबद्दल कोल्हापुरात केस करणार कोण म्हणा.

---

लाल_माती

केस करणाऱ्यानं आधी रंकाळ्यावर येऊन भेटावं. 🙏

---

दुसरी_लेन

बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदा लिहितेय. मी जलतरणपटू. राष्ट्रीय स्पर्धेत रिलेमध्ये पदक आहे. तीन वर्षांपूर्वी एका खात्याच्या भरतीत क्रीडा कोट्यातून निवड झाली आणि कागदपत्र तपासणीत बाद केलं. कारण दिलं की सांघिक प्रकारातल्या प्रमाणपत्रावर माझं नाव हातानं लिहिलंय, छापील नाही. मी निवेदनं देत राहिले. एकूण सात दिली. प्रत्येक वेळी "विचाराधीन आहे" असं तोंडी उत्तर. आता एक काकू म्हणाल्या मॅटमध्ये जा. उशीर झालाय का?

---

पोचपावती

खरं सांगतो, राग मानू नका. झालाय, बहुतेक.

प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचं कलम २१ नीट वाचा. अंतिम आदेशापासून एक वर्ष. कायद्यात तरतूद असलेलं अपील किंवा निवेदन केलं आणि उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि तिथून एक वर्ष. निवेदनामागून निवेदन दिल्यानं मुदत वाढत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचे एकाहून एक निकाल आहेत. "विचाराधीन आहे" हे सरकारी कचेरीतलं सगळ्यात महागडं वाक्य आहे, त्यात लोकांची वर्षं जातात.

तरी दार पूर्ण बंद नाही. पुरेसं कारण दाखवलं तर विलंब माफ होऊ शकतो. दोन प्रश्न. बाद केल्याचा लेखी आदेश मिळाला होता का, की तोही तोंडीच? लेखी मिळालाच नसेल तर मुदत कधी सुरू झाली यावर भांडायला जागा आहे. आणि सातपैकी किती निवेदनांची पोच तुमच्याकडे आहे?

---

दुसरी_लेन

लेखी काहीच नाही, संकेतस्थळावर यादी लागली त्यात माझं नाव नव्हतं. यादीचा स्क्रीनशॉट आहे, तारखेसकट.

सातपैकी दोनाची पोच आहे. एकावर शिक्का आहे पण आवक क्रमांक नाही. दुसऱ्यावर दोन्ही आहेत. पप्पांनी त्या बाईंना म्हटलं होतं, क्रमांक घातल्याशिवाय हलणार नाही. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती.

---

पोचपावती

तो दुसरा कागद लॅमिनेट करू नका. मूळ प्रत आणि स्क्रीनशॉट घेऊन सोमवारी या, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. पप्पांनाही आणा.